पाण्यातलं काही

पहिली कोळंबी गोरक्षने माझ्या ताटात ठेवली, तेव्हा तिचं शेपूट डावीकडे होतं. एवढ्याशावरून कुणाचा संसार हलत नाही, हे मलाही कळतं. वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवतेय; तात्कालिक कारण वेगळं आणि मूळ कारण वेगळं, हे दर वर्षी आठवीच्या पोरांना फळ्यावर दोन रकाने आखून समजावते. तरी माझी नजर त्या शेपटावरून हलेना. डिसेंबरातला रविवार होता, संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, आणि इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर आम्ही तिघं सतरंजी टाकून बसलो होतो. मी, माझा नवरा आणि आमची मुलगी सृष्टी. गोरक्षने जाळीवरची लाल झालेली कोळंबी चिमट्याने उचलली, फुंकर मारत दोन बोटांत तिचं डोकं मोडलं, पोटाकडून कवच एका ओढीत काढलं, शेपटीचा पंखा तेवढा राखला, हिरव्या चटणीत ती एकदाच बुडवली, वाटीच्या काठावर निथळू दिली आणि माझ्या वांग्याच्या भरताशेजारी ठेवली. मग चटणीची वाटी उचलून माझ्या ताटाच्या डाव्या अंगाला सरकवली. हे सगळं करताना तो माझ्याकडे बघतही नव्हता. निखाऱ्यांवरच्या दुसऱ्या कोळंब्यांकडे बघत होता आणि हात आपोआप चालले होते.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या ताटात त्याने काही वाढल्याचं मला आठवत नाही. लग्नातला घास सोडला तर, आणि तोही फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला नाही म्हणून दोनदा भरवावा लागला होता. त्यात त्याचा दुष्टावा नव्हता, आमच्याकडची रीतच तशी. पुरुष बसतात, बाया वाढतात, नंतर बाया बसतात तेव्हा पुरुष बाहेर जाऊन सुपारी कातरतात. इंदिरानगरात आल्यावर आम्ही एकत्र बसायला लागलो, पण वाढायचं काम माझंच राहिलं. मी त्याला तोंडावर अहो म्हणते, मनात गोरक्ष. मनातल्या गोरक्षने मला कधीतरी काहीतरी सोलून द्यावं, संत्र्याची फोड का असेना, असं मला तरुणपणी वाटायचं. नंतर ते वाटणं कामाच्या रगाड्यात कुठेतरी पडून गेलं. आणि आता ते असं अचानक पूर्ण झालं होतं, समोर वाफा टाकत, आणि मला ते खाता येत नव्हतं. कारण मी पाण्यातलं काही खात नाही. अकरा वर्षं झाली. आणि हे जगात ज्या एका माणसाला ठाऊक असायला हवं, तोच म्हणत होता, "खा, गरम आहे तोवर."

मी भाकरीचा तुकडा मोडला, भरत खाल्लं, आणि वाट बघत राहिले. आत्ता आठवेल, चिमटा खाली ठेवील, कपाळावर हात मारील, असं मला वाटत होतं. तो पुढची कोळंबी उलटत होता.

हे थाई प्रकरण आमच्या घरात कसं आलं ते सांगायला हवं, नाहीतर कळवणच्या माणसाचा आणि थायलंडचा संबंध काय असं कुणालाही वाटेल. गोरक्षचं कळवणला कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. सृष्टीच्या शिक्षणासाठी आम्ही नाशकात आलो, तो आठवड्यातले चार दिवस तिकडे असतो. या धंद्यात कंपन्या दुकानदारांना टार्गेट देतात, आणि टार्गेट पूर्ण केलं की बँकॉकची सहल. दुकानदारांच्या बायकांना नेत नाहीत. त्यामुळे दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कांद्या-द्राक्षाची औषधं विकून विकून दमलेले पन्नाशीचे बाप्ये फुलाफुलांचे शर्ट घालून विमानात बसतात, आणि इकडे त्यांच्या बायका एकमेकींना फोन करून हसण्यावारी नेतात. तिकडे काय चालतं, मसाज काय नि काय काय, यावर आमच्या भाऊबंदांत एवढे विनोद झालेत की मला त्याचं भयच उरलं नव्हतं. पहिल्या वेळी मी त्याच्या बॅगेचे कप्पे तपासले होते, खोटं कशाला बोलू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, तेही बघितलं होतं. काही नव्हतं. फणसाचे वाळलेले गरे होते आणि सृष्टीसाठी हत्तीचं चित्र असलेली पँट होती. त्या पँटीवर आम्ही महिनाभर हसलो. मी भलत्याच गोष्टीची राखण करत बसले, हे मला आज गच्चीवर कळत होतं.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे यंदाच्या फेब्रुवारीत, तो कोळंबीचं वेड घेऊन आला. तिकडे अयुथ्या नावाचं गाव आहे, आपली अयोध्याच ती, तिथं नदीकाठी बसून हातभर कोळंबी कोळशावर भाजून देतात, उभी चिरतात, डोक्यातली केशरी चरबी भाताला लावून खातात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. नाशिकचा माणूस मटणातला. मासा म्हटलं की धरणातला, आणि कोळंबी म्हटलं की पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवलेलं सुकट. पण याने अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी ड्रम मधोमध कापून घेतला, वर सळयांची जाळी बसवून घेतली, आणि ते धूड गच्चीवर आणून ठेवलं. आमच्या घरी मांसमच्छी तशीही स्वयंपाकघरात शिजत नाही. सासूबाई होत्या तेव्हापासून त्याची भांडी वेगळी, चूल वेगळी, जागा गच्चीची, आणि करायचं पुरुषांनी. सासूबाई गेल्या, नियम राहिला. जाळी मात्र दहा महिने नुसती पडून होती. उन्हाळ्यात तिच्यावर मी कुरडया वाळवल्या. आणि आज सकाळी अचानक त्याला उमाळा आला. मुंबईहून बर्फात येणारी दीड किलो कोळंबी, एकेक वीतभर, निळसर पट्ट्यांची, घेऊन आला. तिच्या मिशा तशाच ठेवल्या होत्या. दुपारी पाट्यावर हिरवी मिरची, लसूण, कोथिंबिरीची मुळं, साखर, लिंबाचा रस आणि मॉलमधून आणलेल्या एका बाटलीतलं माशाचं खारट पाणी असं सगळं वाटत बसला. सृष्टीने बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हा ठेचाच आहे. लिंबू पिळलेला ठेचा."

"ठेचा काय ठेचा. मुळं घातलीत यात कोथिंबिरीची. आपण फेकून देतो ना, ती. चैताली मॅडमनी दाखवलं होतं, सगळी चव मुळात असते म्हणे."

एवढं बोलून त्याने पाट्यावरचा वरवंटा जरा जोरात चालवायला घेतला. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मी कोथिंबिरीची पानं निवडत होते.

दुसरी कोळंबी ताटात आली. शेपूट डावीकडे. मी ती बोटाने फिरवून उजवीकडे केली, कशासाठी, मला माहीत नाही, खायची तर नव्हतीच. मी उजव्या हाताने जेवते. आमच्या घरात सगळेच उजव्या हाताने जेवतात. मी चटणीची वाटीही उचलून उजवीकडे ठेवली, तशी त्याने बोलता बोलता, सृष्टीला कोळसा कसा फुलवायचा ते सांगता सांगता, ती पुन्हा माझ्या डावीकडे नेली. जशी ती तिथलीच होती. मग तिसरी सोलली, आणि तिचंही शेपूट डाव्या हाताला यावं असं ठेवलं. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. जाड बोटं, नखांच्या कडांना औषधांच्या पुड्यांचा कायमचा पिवळेपणा, अनामिकेत तांब्याची अंगठी. या बोटांनी मी किती वेळा पोती उचललेली बघितली, सृष्टीच्या सायकलची चेन बसवलेली बघितली, माझं डोकं दुखत असताना बाम चोळलेला बघितला, तोही असा की डोकं बरं होऊन मान दुखायला लागावी. या बोटांत इतकी हलकी चाल कधीच नव्हती. ही कुणीतरी बसवली होती. एका दिवसात बसत नाही ती. समोर कुणीतरी डाव्या हाताने खाणारं बसलेलं असलं, आणि त्याला सोलून देण्यात आपल्याला सुख वाटत असलं, आणि हे पुन्हा पुन्हा झालं असलं, तर हाताला अशी सवय लागते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत चैताली मॅडम घरी आल्या होत्या. गोरक्षला माल देणाऱ्या कंपनीच्या त्या एरिया मॅनेजर. चाळिशीच्या आतबाहेरच्या, केस आखूड, बोलायला मोकळ्या. सुक्या मेव्याचा डबा आणला होता. माझा चिवडा त्यांनी दोनदा मागून घेतला आणि मला ताई म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला, आणि माझी नजर गेलेली बघून हसल्या. "डावखुरी आहे हो मी. लहानपणी आई हातावर पळी मारायची, तरी सुटलं नाही." मला त्या आवडल्या होत्या. त्या गेल्यावर मी गोरक्षला म्हणालेही होते, की बाई असून एवढा जिल्हा हिंडते, हिंमत आहे. तो हो म्हणाला आणि टीव्ही लावला. फेब्रुवारीच्या सहलीला त्याच त्यांच्या गटाच्या प्रमुख होत्या. फोटो आले तेव्हा मी आणि सृष्टी शर्टांना नावं ठेवत होतो. त्यातला एक फोटो मला आता, भरताचा घास तोंडात असताना, लख्ख आठवला. नदीकाठचं टेबल, लाल कोळंब्यांची परात, मॅडम कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, आणि कडेने त्यांच्या बशीकडे आलेला कुणाचा तरी एक हात. मी तो फोटो अंगठ्याने पुढे सरकवला होता. अंगठी दिसली होती की नव्हती, हे मला आता नक्की सांगता येणार नाही. पण तो हात काय करत होता ते मला आता माहीत होतं.

आणि एक आठवलं की मागोमाग दुसरं आपोआप येतं, गव्हात एक किडा दिसला की सगळी पाटी चाळावी लागते तसं. जुलैत मॅडमची बदली झाली, बढतीवर, इंदूरला. निरोपाचं जेवण करून गोरक्ष आला आणि आजारी पडला. चार दिवस कळवणला गेला नाही. पोटात जळतंय, छातीत जळतंय, म्हणाला. अॅसिडिटी, मी निदान केलं, आणि शाळेतून अर्धी रजा काढून त्याला मऊ भात करून घातला. जिरं घातलेलं ताक दिलं. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मी बाहेर सृष्टीला सांगायचे की हॉटेलचं अरबट चरबट खाल्लं की असंच होतं. चार दिवस मी त्याच्या दुःखाला मऊ भात भरवत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं मला म्हणता आलं असतं, पण मॅडमना कुत्रं म्हणवेना. त्यांनी माझा चिवडा आवडीने खाल्ला होता. रागसुद्धा धड येत नव्हता मला, हे सगळ्यात वाईट. मला मत्सर वाटत होता, आणि तोही त्यांच्या आखूड केसांचा किंवा इंग्रजीचा नव्हे. गोरक्षमध्ये सोलून भरवणारा एक माणूस होता, इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपत होता, आणि तो मला सापडला नाही. त्यांना काही महिन्यांत सापडला. आता त्या नाहीत, म्हणून तो माणूस इथं माझ्यासमोर बसला होता, तीच आग, तीच चटणी मांडून, आणि मला त्यांच्या जागी बसवलं होतं. त्याच्याही ते लक्षात नसावं. तो आज सकाळपासून फार गोड बोलत होता.

"मम्मी, तुझ्या ताटात तीन झाल्या," सृष्टी म्हणाली. "तू खाणार नसशील तर मी घेते."

"अगं खाऊ दे तिला. गार झाली की रबरासारखी लागते."

"पप्पा, मम्मीला मासे आवडतच नाहीत. तिला वास येतो."

"हा मासा कुठंय? कोळंबी मासा नसतोच मुळी. किड्या-झुरळांच्या जातीतली असते, तुमच्या सायन्समध्येच आहे ना."

"ईऽ, पप्पा, खाताना कशाला सांगता."

तो हसला. मला वास येतो, अशी सृष्टीची समजूत आहे. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला आम्ही कळवणजवळच्या गावी माझ्या ठमाबाई मावशीकडे पाठवलं होतं, म्हणून तिला बाकी काही ठाऊक नाही. सप्टेंबर होता. गोरक्षला डेंग्यू झाला, मग तो लिव्हरवर गेला, प्लेटलेट नऊ हजारांवर आल्या. नऊ दिवस आयसीयू. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, चोवीस तास बघू. मी दिराला तिथं बसवलं आणि पहाटेची एसटी धरून सप्तशृंगीच्या गडावर गेले. पायऱ्या चढताना मला एकच विचार होता, सोडायचं काय. ठमाबाई मावशी सांगायची, देवीला नको असलेलं देऊन फसवू नये. जे सोडलं तर रोज आठवेल तेच सोडावं. मावशीचं गाव गिरणेच्या काठाला. लहानपणी सुट्टीत आम्ही पोरी जुनं लुगडं दोन्ही टोकांना धरून पाण्यातून ओढत न्यायचो, आणि त्यात बोटाएवढे झिंगे उड्या मारायचे. मावशी ते तव्यावर तिखट-मिठात परतायची आणि पहिला चिमूटभर माझ्या हातावर ठेवायची. "गरम शे, खाई ले माय." मला मटण नसलं तरी चालायचं, पुरणपोळी नसली तरी चालायचं, पण झिंगे, मासे, खेकडे म्हटलं की मी वेडी व्हायचे. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी गोरक्ष मुद्दाम चणकापूरच्या धरणावरून मासे आणायचा, आणि मी काटे चोखत बसायचे ते बघून हसायचा. म्हणून मी देवीपुढे उभी राहिले आणि म्हणाले, आई, याला जगव, मी मरेपर्यंत पाण्यातलं काही खाणार नाही. काही म्हणजे काही नाही. खाली आले तेव्हा दिराचा फोन आला, प्लेटलेट चढायला लागल्यात.

घरी आल्यावर मी त्याला सांगितलं. उशीला टेकून बसला होता, गालफडं बसलेली. माझा हात धरून लहान मुलासारखा रडला. "झिंगे सोडले तू? माझ्यासाठी?" पुढं तीन-चार वर्षं लग्नाकार्यात, हॉटेलात, तोच सगळ्यांना सांगायचा, हिला मासे वाढू नका, माझ्या पायी सोडलेत तिने. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. मग कधीतरी सांगेनासा झाला. शेवटचं केव्हा सांगितलं, ते मी किती आठवून बघितलं, सापडत नाही. मीही कधी बोलून दाखवलं नाही. नवस बोलून दाखवला की उणा होतो म्हणतात. मला वाटायचं, ठाऊक आहे ना त्याला, बस.

"लिंबं संपली," सृष्टी म्हणाली आणि खाली गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. गच्चीवर आम्ही दोघंच राहिलो. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. थंडी पडायला लागली होती, आणि ड्रममधल्या निखाऱ्यांवर कोळंबीचा रस टपकून चर्र आवाज येत होता. तो वास, खरं सांगते, वाईट नव्हता. तो थेट गिरणेच्या काठचा होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली नाही.

गोरक्ष माझ्या ताटाकडे बघत होता. त्याच्या कपाळावर बारीक आठी आली. आता आठवतंय, मला वाटलं, जणू त्यावरच सगळा निकाल लागायचा होता. सगळं माफ करायची माझी तयारी होती. फोटोतला हात, इंदूर, मऊ भात, सगळं. फक्त एवढं आठवावं त्याला.

"आवडत नाही कसं म्हणते सृष्टी?" तो म्हणाला. "पूर्वी तर काटेसुद्धा सोडायची नाहीस तू. चणकापूरचे आणायचो मी. कधीपासून सोडलंस गं खायचं?"

खरंच विचारत होता. त्याच्या आवाजात काही लबाडी नव्हती, काळजीच होती थोडी, बायकोच्या आवडीनिवडी बदलल्या आणि आपल्याला पत्ता लागला नाही अशी. मला रडू आलं नाही. मी त्याच्याकडे नीट बघितलं, पोट थोडं सुटलेलं, कानशिलं पिकलेली, चेहरा आगीने लाल झालेला, अंगाने धडधाकट. आणि मला एकदम कळलं की देवीचं काही चुकलं नव्हतं. मी मागितलं ते तिने पुरेपूर दिलं होतं. याला जगव म्हटलं, तिने जगवलं. तो जगला, हसला, विमानात बसला, नदीकाठी गेला, कुणावर तरी जीव लावला, तिच्यासाठी झुरलासुद्धा. जगणं म्हणजे आणखी काय असतं? माझ्यासाठी जगव, एवढं म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. त्या पायऱ्यांवर ते सुचलंच नाही. तेव्हा तो आणि माझा तो असे दोन वेगळे मला ठाऊकच नव्हते. मला स्वतःची इतकी दया आली, त्या पहाटेच्या एसटीतल्या बाईची, पदरात नारळ घेऊन खिडकीशी बसलेली, की तिला कुणीतरी जवळ घ्यायला हवं होतं असं वाटलं.

मी पहिली कोळंबी उचलली. गार झाली होती. ती तोंडात घातली आणि चावले. मांस घट्ट होतं, गोडसर, मागून मिरचीचा आणि लिंबाचा झटका आला, आणि त्या सगळ्याच्या खाली पाण्याची ती जुनी चव होती, जिला मी अकरा वर्षं शेजाऱ्यांच्या खिडक्यांतून फक्त वासाने ओळखत आले होते. डोळे मिटावेत इतकी चांगली लागली.

"बघ," गोरक्ष खूश होऊन म्हणाला, "मी म्हणत होतो ना."

"अकरा वर्षं झाली," मी घास गालात सारून म्हणाले. "तुम्ही विचारलं ना, कधीपासून. आयसीयूत होता तुम्ही. मी गडावर गेले होते."

आधी त्याला समजलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथं थांबलं. चिमटा हातात तसाच राहिला. निखाऱ्यावरची एक कोळंबी काळी पडायला लागली तरी त्याने ती उलटली नाही. त्याच्या डोळ्यांत एकेक गोष्ट येताना मला दिसत होती, उशी, माझा हात, त्याचं रडणं. मी वाट बघत होते. तो काय म्हणेल, याची मी खरंच वाट बघत होते.

त्याने चिमटा टाकला, गुडघ्यांवर पुढं सरकला आणि उजवा तळवा माझ्या हनुवटीखाली धरला.

"थुंक," तो म्हणाला. "चंदा, थुंक ते. थुंक आधी."

त्या तळव्याला चटणीचा आणि धुराचा वास येत होता. त्याने दुसऱ्या हाताने माझं ताट ओढून लांब केलं आणि पुन्हा म्हणाला, "गिळू नकोस." पांढरा पडला होता. मी चावत होते आणि त्याच्या डोळ्यांत बघत होते, आणि मला तिथं मी कुठे दिसते का ते शोधत होते. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आयसीयूच्या काचेतून मी त्या मशीनच्या आकड्यांकडे बघायचे तसा. तो स्वतःच्या जिवाला भ्याला होता. देवीवर, नवसावर, माझ्या शब्दावर त्याचा पूर्ण विश्वास होता, आणि तो सगळा आत्ताच परत आला होता.

मी गिळलं.

तो मागे टेकून बसला. छातीवर हात ठेवला त्याने, नकळत, आणि आत काही होतंय का ते ऐकत राहिला. जिन्यावर सृष्टीच्या चपला पुन्हा वाजायला लागल्या. इतका एकटा दिसत होता तो, की माझ्याच्याने बघवेना. मी ताट जवळ ओढलं, जाळीवरची एक भाजलेली कोळंबी चिमट्याने काढून त्याच्या ताटात ठेवली, आणि पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"काही होत नाही," मी म्हणाले. "खा तुम्ही. गार होतंय."